चौदा नंबरच्या खाटेवरचा माणूस

टचिंगबाईंनी एकवीस वर्षं मेलेल्या माणसांचे डोळे उघडले. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. पुढे मालक गिऱ्हाइकांशी बोलत आणि चिठ्ठी लावलेलं पाकीट मागे येई. घरातलं माणूस गेलं की लोकांच्या लक्षात येतं, त्याचा एकही धड फोटो नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेत अर्धवट झाकलेला चेहरा घेऊन ते स्टुडिओत येतात. बाई तो चेहरा गर्दीतून सोडवायच्या, मोठा करायच्या, डाग पुसायच्या, शर्टाला कॉलर द्यायच्या. फोटो काढताना डोळे मिटले असतील तर नवे काढून द्यायच्या. आधी ब्रशने, कॉम्प्युटर आल्यावर माऊसने. ‘टचिंग’ करणाऱ्या म्हणून टचिंगबाई. खरं नाव रेशनकार्डावर राहिलं.

मग लोक मोबाईलवरच सगळं करायला लागले आणि मालकांचे गुडघेही गेले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या सासूबाई चार महिने हॉस्पिटलात होत्या. त्यांचं सगळं बाईंनीच केलं. तिथल्या सिस्टर एकदा सहज बोलून गेल्या होत्या, की तुमचा हात हलका आहे, पेशंटला कळतही नाही तुम्ही कूस बदललीत ते. ते वाक्य बाईंच्या डोक्यात घर करून बसलं. नर्सिंग शाळेने वयाची अट काढल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता फॉर्म भरला आणि मग घरी सांगितलं. नवरा शाळेची बस चालवायचा. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, की बरं झालं, आता घरच्या घरी टोचून घेता येईल. मुलीने मात्र आईला दप्तर आणून दिलं, स्वतःचं जुनं.

वर्गात बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या. त्या बाईंना काकू म्हणत आणि परीक्षेच्या आधी त्यांच्या वहीतल्या हाडांच्या आकृत्या मागून नेत, कारण बाईंनी काढलेला सांगाडा पुस्तकातल्यापेक्षा सरस होता. पाठांतरात मात्र बाईंची बोंब होती. आज पाठ केलं की उद्या पाटी कोरी. ट्यूटर मॅडम त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. त्या रागवायच्यासुद्धा ‘अहो, तुम्ही’ करून. पण चादर बाई अशी ताणायच्या की त्यावर नाणं टाकलं तर उडावं. सहामाही परीक्षा त्या काठावर पास झाल्या आणि पुरुषांच्या वॉर्डात त्यांची ड्युटी लागली.

पहिल्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, वॉर्डच्या सिस्टरनी त्यांना चौदा नंबरच्या खाटेकडे पाठवलं. बसस्टँडवर बेशुद्ध सापडलेला म्हातारा होता तो. केसपेपरवर ‘अनोळखी इसम, वय अंदाजे पासष्ट’ एवढंच. शुद्धीवर आला होता, पण नाव सांगत नव्हता, गाव सांगत नव्हता. विचारलं की भिंतीकडे बघायचा. त्याचं अंग पुसून दाढी करायची होती.

अंग पुसतानाच बाईंना काहीतरी खटकलं. बसस्टँडवर पडलेल्या माणसाचे पाय असे नसतात. टाचा मऊ होत्या. नखं नीट कापलेली. उशाखाली घडी करून ठेवलेल्या त्याच्या शर्टाच्या कोपरावर रफू होतं, इतक्या बारीक टाक्यांचं की बोट फिरवल्यावरच कळावं. दाढी वाढली होती ती पंधरा-वीस दिवसांची. त्याआधी कुठेतरी, कुणीतरी या माणसाचं नीट करत होतं.

बाईंनी साबणाचा फेस लावला आणि डाव्या गालापासून सुरुवात केली. वस्तरा खाली येत गेला तसा चेहरा वर येत गेला. अर्धी दाढी झाली आणि बाईंचा हात थांबला. जबड्याची ही रेघ त्यांना पाठ होती. हाडांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण हाताखालून गेलेला चेहरा त्या कधी विसरल्या नव्हत्या. हनुवटीखालचा खळगा, एका बाजूला किंचित जास्त उतरलेला ओठ. डाव्या भुवईवर आडवी खूण. नऊ वर्षांपूर्वीच्या पाकिटावरची चिठ्ठीसुद्धा त्यांना आठवली: ‘डोळे उघडावेत. भुवईवरची खूण काढावी.’ त्यांनी ती खूण पुसली होती. दोन दिवस लागले होते या चेहऱ्याला. हा माणूस गेलेला होता.

म्हाताऱ्याचे डोळे इतका वेळ मिटलेले होते. आता त्याने ते उघडले.

फोटोत त्याचे डोळे मिटलेलेच होते. तेव्हा ते कसे असतील याची बाईंना काही कल्पना नव्हती. असं झालं की त्या आपल्या वडिलांचे डोळे आठवून काढायच्या. वडील त्या नऊ वर्षांच्या असताना गेले. फिकट तपकिरी डोळे, आणि डाव्या बुबुळात खसखशीएवढा तांबूस ठिपका. तो ठिपकाही त्यांनी त्या फोटोत दिला होता. कुणाला दिसणार नाही म्हणून, उगाच, स्वतःसाठी. आता चौदा नंबरच्या खाटेवरून तेच डोळे त्यांच्याकडे बघत होते. ठिपक्यासकट.

म्हातारा पहिल्यांदाच बोलला. आवाज साधा होता, घरातल्या माणसाने विचारावं तसा.

“मिटू का आता?”

दाढी करताना माणसं डोळे मिटतातच, त्याने तेवढंच विचारलं असेल, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. “मिटा,” त्या म्हणाल्या, आणि उरलेली दाढी पुरी केली. एकही ओरखडा उठला नाही. मग बेसिनपाशी जाऊन त्यांनी मनगटापर्यंत हात धुतले, आणि पुन्हा धुतले.

सिस्टरना त्यांनी फक्त एवढं सांगितलं, की हा चेहरा मी पाहिलाय, पत्ता मिळेल कदाचित. डोळ्यांचं काही बोलल्या नाहीत. शिकाऊ नर्सने असलं काही बोलू नये एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मालकांच्या घरी गेल्या. मालकांनी सगळी जुनी पाकिटं माळ्यावर ठेवली होती. फेकवत नाहीत, म्हणाले. बाईंना हवं होतं ते पाऊण तासात सापडलं. मूळ फोटो, सहलीत काढलेला, सातआठ जण उन्हात उभे आणि मधला एक डोळे मिटून. बाईंनी तयार केलेल्या फोटोची छोटी प्रतही सोबत होती. मालकांनी चष्मा पुसून दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. पाकिटाच्या मागे पत्ता होता. मालक म्हणाले, की या माणसाची बायको स्वतः आली होती. तलावात प्रेत सापडलं होतं त्याचं, तीन आठवड्यांनी. त्यांनी दोन्ही फोटो परत पाकिटात सरकवले. “बाई, तुम्ही नर्सिंग शिकताय ना? मग तेच शिका.”

पण पत्ता हॉस्पिटलच्या समाजसेविकेकडे द्यायलाच हवा होता, आणि तिने बाईंनाही सोबत नेलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, ऊन भरपूर. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या, केस घट्ट बांधलेले, हातात चष्मा. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर फोटो होता. स्वतःचं काम लोकांच्या घरात लावलेलं टचिंगबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. उन्हात तो चेहरा अगदी ताजा दिसत होता.

समाजसेविकेने जमेल तितकं हळुवार सांगितलं. त्या गृहिणी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि हकिगत सांगू लागल्या. नवरा एका सकाळी फाटकाला तेल घालायचं म्हणून खाली उतरला आणि परत आला नाही. तेलाची बाटली फाटकाशीच सापडली. पुढे तलावातून प्रेत निघालं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. अंगावर शर्ट नवऱ्याचाच होता, कॉलरच्या आत त्यांच्याच शिंप्याची चिठ्ठी होती. मुलगा परदेशातून आला, सगळे विधी झाले. मग भिंतीकडे न बघता त्यांनी विचारलं,

“मग आम्ही पोचवलं कोणाला?”



त्या दुपारीच त्या गृहिणी वॉर्डात आल्या. चौदा नंबरपाशी उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, जसं येणाऱ्या कुणाकडेही पाहावं तसं. त्यांनी त्याची भुवई पाहिली, उजव्या हाताचं वाकडं बोट पाहिलं, कानामागचा तीळ केस बाजूला करून पाहिला. सगळं जुळलं. मग त्यांनी उशाखालचा शर्ट काढला, कोपरावर अंगठा फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

“हे टाके माझे नाहीत,” त्या म्हणाल्या.

टचिंगबाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून पाणी दिलं. तेव्हा त्या स्वतःहून बोलायला लागल्या. माणूस त्यांचाच होता, त्यात शंका नव्हती. फक्त डोळे. नवऱ्याचे डोळे असे नव्हते, चांगले काळे होते. फोटो घरी आला तेव्हाच त्यांना वाटलं होतं, की फोटोवाल्याने दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवले. तक्रार करायला जाणार होत्या. पण रोज बघून बघून सवय झाली. “आता यांचे तसेच दिसतायत, फोटोतल्यासारखे. आणि आधी कसे होते ते मला आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही. मीच चुकत असेन. नऊ वर्षं मी फोटोशीच बोलतेय.”

ते डोळे मी काढले, हे सांगायला बाईंची जीभ उचलली नाही. पुढेही कधी उचलली नाही.

घरी जाताना रस्त्यातच त्यांनी दादाला फोन लावला. दादा त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठा. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, की आपल्या वडिलांच्या डाव्या डोळ्यात ठिपका होता ना, तांबूस? दादा हसला. म्हणाला, वडिलांचे डोळे काळे कुळकुळीत होते, तुझ्यासारखे. ठिपका कुठला? तू लहान होतीस, तुला काय आठवणार. बाई फुटपाथवर उभ्याच राहिल्या. कितीतरी मिटलेल्या डोळ्यांच्या जागी त्यांनी ते फिकट तपकिरी डोळे काढले होते. ते वडिलांचे नव्हते, तर त्यांनी ते पाहिले कुठे? समोरून भाजीची गाडी गेली, एक बाई छत्री उघडत पुढे गेली, आणि बाईंना क्षणभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांकडे बघायची भीती वाटली.

आठवडाभर त्यांना ताप होता. नवऱ्याने रजा घेतली, पेज करून दिली आणि एकदाच म्हणाला, की झेपत नसेल तर राहू दे, काही बिघडत नाही. बाईंनी विचार केला. स्टुडिओत मेलेला माणूस कधी काही मागत नसे. इथला माणूस मागतो: पाणी, कूस बदलून द्या, खिडकी लावा. आठव्या दिवशी त्या गणवेश घालून हजर झाल्या. ट्यूटर मॅडमनी चुकलेल्या तासांच्या नोट्स हातात ठेवल्या.

म्हाताऱ्याची बायको त्याला घरी घेऊन गेली. न्यायच्या आधी ती पोलीस चौकीत गेली, आणि सोबतीला टचिंगबाईंना घेतलं. हवालदाराने नऊ वर्षांपूर्वीची फाईल शोधून काढली, वाचली, आणि म्हणाला की हे प्रकरण तर बंद आहे. ते उघडा, ती म्हणाली. माझा माणूस माझ्या घरी आहे. त्या तलावातल्या माणसाचं घर कुठेतरी असेल, तिथे अजून कुणीतरी दाराकडे बघत असेल. हवालदाराने डोकं खाजवलं, पण जबाब लिहून घेतला. त्यातून आजवर काही निघालेलं नाही. तिच्या नवऱ्याचा शर्ट त्या तलावातल्या माणसाच्या अंगावर कसा गेला, हेही कळलं नाही. रफू करणारीचाही पत्ता लागला नाही. म्हाताऱ्याला विचारलं की तो भिंतीकडे बघायचा.

फोटो भिंतीवरच राहिला. मुलगा फोनवरून सांगत होता, की आई, जिवंत माणसाचा तसला फोटो ठेवू नये, काढून टाक. तिने त्याला सांगितलं, की तो आता यांचा नाहीच. ज्याला आम्ही पोचवलं त्याचा आहे. त्याचं कुणी येईपर्यंत त्याला कुठेतरी जागा हवी.

टचिंगबाई सुट्टीच्या दिवशी तिथे जात, म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर बघत, पाठीला कुठे जखम होत नाही ना ते बघत. तो बरोबर त्या फोटोखालच्या खुर्चीत बसायचा. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर दोन शब्द बोलायचा. बाईंकडे तो ओळखीचं हसायचा, तेवढं मात्र त्यांना नको व्हायचं. तरी त्या जात राहिल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचे एका विषयात चांगले मार्क आले, तेव्हा त्या तिथे पेढ्यांऐवजी मोठी बिस्किटं घेऊन गेल्या, कारण त्याला ती चहात बुडवून खाता यायची.

त्या दिवशी म्हातारा खुर्चीत डोळे मिटून बसला होता. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. वर फोटो, खाली तो. तिने आवाज खाली आणला.

“खरं सांगा, तुम्ही इतके चेहरे पाहिलेत म्हणता. हे तेच आहेत ना?”

बाईंनी वर पाहिलं नाही. म्हाताऱ्याचं मनगट हातात घेतलं, दोन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

“बहात्तर,” त्या म्हणाल्या. “नाडी चांगली आहे.”