गेम बी चालला पाहिजे

नीटचा निकाल दुसऱ्यांदा लागला तेव्हा मी आखाडा बाळापूरला घरी होते. लातूरची खोली सोडून आठ-दहा दिवस झाले होते, पण पुस्तकांचा खोका दोरी न सोडता तसाच दाराशी पडलेला. मार्क मम्मीनंच पाहिले. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कागदावर काहीही लिहिलेलं असो, चेहरा हलू द्यायचा नाही याची तिला सवय आहे. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, त्यातला गेम शोधला आणि काढून टाकला. रागावली नाही. सुई काढून कापूस दाबावा तसं केलं आणि ड्युटीला गेली.

तो गेम मी लातूरला जेवणाच्या सुट्टीत खेळायचे. मेसच्या जिन्यात आम्ही तिघी मुली बसायचो, तिघींची एक टीम. अर्धा तास, फार तर पाऊण. त्यानं मार्क गेले असं मला वाटत नव्हतं, पण तसं मी मम्मीला म्हणाले नाही. शेजारच्या मावशी विचारायला आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, "त्या गेमनं घालवलं पोरीला." मी आतल्या खोलीत होते. सगळं ऐकू आलं. काही वाटलं नाही.

पुढचे दोन-अडीच महिने असेच गेले. कुकरला भात लावायचा, कपडे वाळत घालायचे, परत आडवं व्हायचं. रडू येत नव्हतं. भूक लागली की जेवायचे, नाही लागली तरी जेवायचे. पप्पा पुण्याला कंपनीत आहेत. त्यांचा फोन आला की मी नुसती 'व्हय, व्हय' करायचे. नांदेडला बीसीएचा फॉर्म मम्मीनं भरला. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं, मी केली. नंबर लागल्याचंही तिनंच सांगितलं.

कॉलेजच्या यादीत लॅपटॉप लिहिला होता. मम्मीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं हिंगोलीला निघालो. ती खिडकीपाशी बसली होती आणि कळमनुरी मागं गेलं तरी काही बोलली नव्हती. मलाही बरंच वाटत होतं. बोललं की उत्तर द्यावं लागतं.

दुकानदार पन्नाशीचे होते, चष्मा कपाळावर. "बोला ताई."

"हिला कॉलेजला लॅपटॉप पाहिजे."

त्यांनी एक पातळ, चंदेरी लॅपटॉप पुढं ठेवला. "कॉलेजला हा एक नंबर. वजनाला काहीच न्हाई. एकदा चार्ज केला की दिवसभर बघायला नको."

मम्मीनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. दवाखान्याच्या केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर तिचं नव्हतं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडून तिनं लिहून आणलं होतं. कधी, ते मला माहीत नव्हतं. दुकानदारांनी चष्मा खाली ओढून वाचलं.

"सोळा जीबी रॅम, बराबर. एसएसडी, बराबर. हे ग्राफिक्स कार्ड काहून लिहिलं? ते गेम खेळणाऱ्या पोरांना लागतं. घरात पोरगं आहे का?"

"पोरगी आहे. ही."

"मग?"

"तिलाच खेळायला," मम्मी म्हणाली. "अभ्यास बी झाला पाहिजे आन् गेम बी चालला पाहिजे. तसा दाखवा."

त्या क्षणी मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. मला एवढंच आठवतं, की मी भिंतीवरची पाटी वाचत होते: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

दुकानदारांनी मग काळा, जाडजूड लॅपटॉप आणला. बटणांखाली लाल उजेड लागला. त्यांनी त्यावर गाड्यांची शर्यत चालू केली, तसा आतला पंखा घोंगावायला लागला. मम्मीनं स्क्रीनकडं पाहिलंच नाही. हाताची मागची बाजू तिनं बटणांच्या वर टेकवली, मग खाली, मग कडेला. लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

"ताप आहे की याला."

"गेम चालू असला की तापतोच ताई. गादीवर ठेवायचा न्हाई, टेबलावर ठेवायचा. हवा जाऊ द्यायची."

"आन् वर्गात किती वेळ चालतो?"

"तीन-चार तास. गेमवर तासभरच. चार्जर संगं न्यावा लागल."

तिनं चार्जर हातात घेतला. "ही तर वीट आहे." मग माझ्याकडं वळली. "उचल बरं दोन्ही. रोज नेशील का?"

"नेईन."

"नुसतं नेईन म्हणू नको. उचलून बघ."

मी उचललं. मग चंदेरी उचलला. तो खरंच काही वजनाचा नव्हता. "हाच घेऊ," मी म्हणाले. "अभ्यासापुरता बास आहे. मी खेळत न्हाई आता."

मम्मीनं चार्जर खाली ठेवला. मग दुकानदारांना म्हणाली, "या दोन्हींच्या मधला न्हाई का काही?"

होता. राखाडी रंगाचा, काळ्यापेक्षा हलका, ग्राफिक्स कार्ड असलेला, पण ते कार्ड साधं. "लई मोठे गेम चित्राची क्वालिटी कमी करून खेळावे लागतील," दुकानदार म्हणाले, "बाकी वर्गात तकलीफ न्हाई." मम्मीनं त्यालाही हात लावून पाहिला आणि बांधायला सांगितला.

बसस्टँडजवळ आम्ही चहा घेतला. खोकं तिनं मांडीवर धरलं होतं. मी विचारलं, "गेमचा काहून घेतला?"

"मागच्या साली मी लातूरला आले होते, तुला न सांगता. डबा घेऊन. तू जिन्यात बसली होतीस त्या दोघींसंगं. हसून राहिली होतीस." तिनं एक घोट घेतला. "मी खालीच थांबले. सुट्टी संपेस्तोवर. मग डबा मेसच्या बाईजवळ देऊन निघून आले. तुझा गेम मी काढायला नव्हता पाहिजे."

मी 'हं' म्हणाले. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला केली आणि चहा प्यायले. तिला आणखी काही ऐकायचं असेल. बाळापूरवरून जाणारी नांदेडची बस लागली, आम्ही उठलो.

नांदेडला होस्टेलवरून कॉलेजात मी लॅपटॉप रोज पाठीवर न्यायचे. वर्गात भिंतीकडच्या बाकावर बसायचे, प्लग तिथं होता म्हणून. प्रोग्राम लिहायचे, चुकायचे, परत लिहायचे. चांगलं वाटायचं असं नाही, पण तास संपायचा. मम्मीचा फोन दर रविवारी यायचा.

"लॅपटॉप चालतो का?"

"चालतो."

"गेम?"

"न्हाई टाकला अजून."

"बरं. जेवलीस का?"

असं बरेच रविवार चाललं. मग माझ्या खोलीतल्या दोघींना टीममध्ये तिसरी पाहिजे होती. त्यांनीच माझ्या लॅपटॉपवर गेम टाकला. होस्टेलचं नेट हळू, दुपार त्यातच गेली. खेळताना माझी बोटं आधी अडखळली, मग चालली. हसले की नाही ते आठवत नाही.

त्या रविवारी मम्मीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "टाकला. खेळले."

"जिंकलीस?"

"न्हाई. तिन्ही डाव हरलो."

पलीकडं तिच्या मागं वॉर्डात कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

"तापतो का लई?"

"तापतो. टेबलावरच ठेवते."

"बरं," ती म्हणाली, आणि पेशंटकडं गेली.