मावशीचा नववा नियम

आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलच्या मॅचेस व्हायच्या, आणि त्यांचे नियम माझ्या मावशीने केलेले होते. मावशी स्वतः कधी खेळली नाही. ती नोंदणी कार्यालयात टायपिस्ट होती. आईची मोठी बहीण, लग्न केलेलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. तिची खोली रस्त्याच्या बाजूला. खिडकीखाली टेबल, टेबलावर ऑफिसने मोडीत काढलेला आणि तिने दुरुस्त करून घेतलेला टाइपरायटर. तिच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नाही, अशी सगळ्या ऑफिसात ख्याती होती. साहेब लोक तिचे कागद न वाचताच सही करायचे. याचा तिला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

खिडकीसमोर एका गोदामाची लांबच लांब भिंत होती. त्या भिंतीवर कुणीतरी लोखंडी रिंग ठोकलेली. जाळी नव्हतीच. जमिनीवर चुन्याने अर्धगोल काढलेला. तो दर आठवड्याला पुसला जायचा आणि दर आठवड्याला थोडा वेगळ्या जागी यायचा. आमची स्पर्धा या असल्या मैदानावर.

पहिल्या वर्षी फायनलमध्ये मारामारी झाली. माझ्या दादाचा पुढचा दात अर्धा तुटला, समोरच्या टीममधल्या एकाचा शर्ट फाटला, आणि गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "उद्याच्या उद्या ती रिंग काढून टाकतो."

मावशी ऑफिसातून येत होती. हातात पर्स, खांद्याला डब्याची पिशवी. ती मॅनेजरला म्हणाली, "आठ दिवस थांबा." मग दारातल्या पायरीवर बसली, पर्समधून वही काढली आणि आम्हा सगळ्यांना समोर उभं केलं.

"फाऊल म्हणजे काय?"

"ढकललं तर," दादा तोंडावर रुमाल दाबून म्हणाला.

"किती ढकललं तर?"

"लागलं तर."

"लागलं की नाही, हे कोण ठरवणार?"

पंच म्हणून उभं राहायला कुणी तयार नव्हतं, कारण पंचालाच पहिला मार बसायचा. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, भराभरा लिहून घेतलं, आणि चार दिवसांनी टाइप केलेला एक कागद दारावर लावला. चौदा नियम. रेषेच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. एकवीस गुण आधी करेल तो जिंकला. बॉल कुणाच्या खिडकीत गेला तर दोन्ही टीमनी मिळून माफी मागायला जायचं. आणि नियम चार: फाऊल ज्याने केला त्याने स्वतः हात वर करावा.

नियम चार वाचून आम्ही पोट धरून हसलो. स्वतःहून कोण हात वर करणार! दुसऱ्या वर्षीचे पहिले दोन दिवस कुणीच केला नाही. तिसऱ्या दिवशी दादाच्या टीममधल्या बुटक्याने डोकं खाजवायला हात वर नेला. हा इस्त्रीच्या दुकानात कामाला होता, अंगाने गुटगुटीत आणि पायाने वाऱ्यासारखा. त्याच्यावर धावून येणारा मुलगा थबकला. सगळ्यांना वाटलं, बुटक्याने कबुली दिली. मावशीने खिडकीतून टाळी वाजवली, मग समोरच्या टीमनेही वाजवली. आता एवढ्या टाळ्या पडल्यावर नाही कसं म्हणणार? बुटक्या लाजून बाजूला झाला. त्या दिवसानंतर हात वर जायला लागले. तिसऱ्या वर्षापर्यंत तर कोण आधी हात वर करतो यावरून आमच्यात चुरस लागली होती. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

दरवर्षी मावशी कागद नव्याने टाइप करायची, कारण दरवर्षी एखादं भांडण नवं निघायचं आणि त्याच्यासाठी नियमात दुरुस्ती लागायची. ऑफिसात स्टेन्सिल कापून तिथल्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायची आणि प्रत्येक टीमला एक द्यायची. कागद ती स्वतः विकत घेऊन न्यायची. ऑफिसचा एक कागद कधी वापरला नाही.

चौथ्या वर्षी मी सोळा वर्षांची होते आणि पहिल्यांदा टीममध्ये आले. दादा, बुटक्या आणि मी. दादाचं ते शेवटचं वर्ष होतं. त्याला दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरी लागली होती, फायनलनंतर बरोबर आठव्या दिवशी निघायचं होतं. तीन वर्षांत तो दोनदा फायनल हरला होता. "यंदा जिंकूनच जाणार," हे तो जेवताना, दात घासताना, अगदी झोपेतसुद्धा म्हणायचा.

त्याच वर्षी बेकरीवाल्यांची टीम नवीन आली. बेकरीतले तीन कामगार. ते पहाटे पीठ मळायचे, दुपारी झोपायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. त्यांच्या कॅप्टनला आम्ही लांब्या म्हणायचो. त्याचे हात गुडघ्यापर्यंत येतात असं बुटक्याचं मत होतं. या तिघांनी आधी कधी बास्केटबॉल पाहिला नव्हता. मावशीचा कागद वाचून वाचून ते शिकले. लांब्या तो कागद चौघडी करून खिशात ठेवायचा आणि अधूनमधून बाजूला जाऊन वाचायचा. कागदावर पिठाचे ठसे पडले होते. आम्हाला त्याचं हसू यायचं. पण शिकले ते असे की फायनलला आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

फायनलच्या दिवशी गोदामाच्या ओट्यावर, खिडक्यांत, सायकलींच्या कॅरियरवर माणसं बसली होती. मावशी खाली खुर्ची टाकून बसली होती. बक्षीस म्हणून ठेवलेला नवा कोरा बॉल तिच्या मांडीवर. खेळ असा झाला की काय सांगू. आम्ही पुढे, मग ते पुढे. बुटक्याने एकदा लांब्याच्या दोन पायांमधून बॉल काढला, तेव्हा खुद्द लांब्या हसला. मी दोनदा हात वर केला, लांब्याने तीनदा. वीस-वीस झाले.

बॉल आमच्याकडे होता. दादाने रेषेबाहेरून उंच फेकला. बॉल रिंगवर आदळला, एक घिरटी घेतली आणि बाहेर पडला. खाली लांब्या उभा होता. आता समोरच्यांचा बॉल हातात आला की तो आधी रेषेबाहेर न्यायचा आणि मगच बास्केट करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून आम्ही तिघंही रेषेकडे पळालो. लांब्याने मात्र जागेवरूनच हात वर केले आणि बॉल रिंगमध्ये टाकला.

"अरे बाबा, बाहेर न्यायचा असतो!" दादा हसत हसत म्हणाला. "चल, आमचा बॉल."

लांब्या गोंधळला. त्याने खिशातून कागद काढला. "नऊ नंबर वाच ना."

दादाने वाचलं. मग त्याचं हसू गेलं. त्याने पुन्हा मोठ्याने वाचलं: "समोरच्या टीमचा बॉल मिळाल्यावर तो रेषेबाहेर न नेता बास्केट केल्यास गुण धरला जाणार." पुढे कागदाची कड होती. "नाही" नव्हतं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. ही प्रिंटिंग मिस्टेक आहे म्हणे, हा मुद्दाम टपून बसला होता म्हणे. कुणीतरी विचारलं, "मग इतके दिवस बॉल बाहेर का नेत होतास?"

"सगळे नेतात म्हणून आम्ही पण नेत होतो," लांब्या म्हणाला. "पण नाही नेला तरी चालतो असं इथे लिहिलंय. मावशी, तुम्हीच लिहिलंय."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. तिने कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि ती ओळ वाचली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कुणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसा. बॉल खुर्चीवर ठेवून ती जिना चढून वर गेली. आम्हाला वाटलं, आता काही ती येत नाही. पण ती आली. हातात पेन्सिलने लिहिलेला कच्चा खरडा होता.

"माझ्या खरड्यात 'नाही' आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "टाइप करताना माझ्याकडून गळलं. आणि मी वाचून पाहिलं नाही. चूक माझी आहे."

"म्हणजे गुण नाही!" दादाने उडी मारली.

"गुण आहे."

"मावशी! आत्ता तूच म्हणालीस ना—"

"खरडा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो कुणी वाचला होता? तुम्हाला मी वाटला तो हा कागद. हा वाचून जो खेळला, त्याचा गुण धरायचा."

"अगं, तो लबाडी करतोय!"

"करत असेलही. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. मला हे दिसतंय." तिने कागदावर बोट ठेवलं. "पुढच्या वर्षी दुरुस्त करू. आज बेकरी जिंकली. हात मिळवा."

शेवटचा नियम हात मिळवण्याचाच होता. दादाने हात पुढे केला, पण गोदामाच्या भिंतीकडे बघत. मग चपला तिथेच टाकून अनवाणीच घरात गेला.

त्या दिवसापासून तो मावशीशी बोलेना. एकाच घरात, एकाच बाटलीतून खोबरेल तेल घेणारी दोन माणसं, आणि मध्ये मी निरोप्या. "तिला सांग, माझा निळा शर्ट कुठे आहे." "त्याला सांग, इस्त्री करून खुंटीला लावलाय." आई एकदा वैतागून मावशीला म्हणाली, "ताई, अगं एका गुणाने काय बिघडलं असतं? पोरगा गाव सोडून चाललाय." मावशी भाजी निवडत होती. "ती तिन्ही पोरं माझा कागद वाचून खेळायला शिकली," एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली. ती त्या रात्री जेवली नाही. मलाही तिचाच राग आला होता, हे कबूल करायला हवं. मीही त्या टीममध्ये होतेच की.

दादा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी लांब्या दारात आला. अंगावर पिठाचे कपडे तसेच, बगलेत बक्षिसाचा बॉल. तो मावशीला म्हणाला, "मावशी, आम्हाला पुन्हा खेळायचंय. असं जिंकून बरं वाटत नाहीये."

"मॅच संपली," मावशी म्हणाली. "निकाल लागला. आता मी म्हटलं म्हणून तो बदलत नाही आणि तू म्हटलंस म्हणूनही नाही."

लांब्याने मावशीच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि दादाला हाक मारली, "ए, मॅच नाही, बक्षीस नाही. नुसतं खेळायला येतोस का? बॉल बाहेर नेऊ."

दादा आतल्या खोलीत बॅग भरत होता. मला वाटलं, दार लावून घेईल. त्याने हातातला टॉवेल बॅगेत कोंबला आणि बाहेर पडला.

दोघेच खेळले. मी खिडकीतून पाहायला गेले, तर मावशीने पडदा ओढला. "त्यांचं त्यांना खेळू दे." त्यामुळे आम्ही फक्त ऐकलं. बॉलचा आवाज, धापा, मध्येच एक शिवी, मध्येच हसणं. तासाभराने दादा घामाने निथळत वर आला. कोण जिंकलं म्हणून मी दहादा विचारलं. त्याने सांगितलं नाही. लांब्यालाही विचारलं, तोही नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाची गाडी होती. मावशी दाराशी उभी होती. तिने डबा पुढे केला. त्याने घेतला, दोन पायऱ्या उतरला, थांबला आणि मागे न बघताच म्हणाला, "येतो गं मावशी. तब्येत सांभाळ." तिने मान हलवली. त्याला ते दिसलं नसणार.

पुढे किती तरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मावशीने मला त्या स्टेन्सिलची गोष्ट सांगितली. नववा नियम टाइप करत असतानाच साहेबांनी तिला आत बोलावलं होतं. वर्षभरात ऑफिसात कॉम्प्युटर येणार, टायपिस्टांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ती जागेवर परत आली आणि ओळ पूर्ण झालीय असं समजून पुढच्या ओळीला लागली. "तेव्हा सांगितलं असतंस, तर दादाने समजून तरी घेतलं असतं," मी म्हणाले.

"ते कारण होतं," मावशी म्हणाली. "कारण सांगून गुण फिरवायचा नसतो."

कॉम्प्युटर आले. मावशीला काढलं नाही. बावन्नाव्या वर्षी ती माउस धरायला शिकली आणि पहिले सहा महिने त्या माउसला शिव्या घालत होती. स्पर्धा आणखी अकरा वर्षं चालली. लांब्या सात वर्षं खेळला. नंतर त्याने स्वतःची छोटी बेकरी काढली आणि लग्न केलं. मग गोदाम विकलं गेलं, भिंत पाडली, तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. त्याच्या काचा इतक्या चकचकीत आहेत की समोर उभं राहिलं की आपणच दिसतो. संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना अजूनही माझे पाय आपोआप कडेने चालतात, कारण मधल्या जागेत कुणीतरी खेळत असणार असं त्यांना वाटतं.

मावशी आता एक्याऐंशीची आहे आणि माझ्याकडे असते. दृष्टी अधू झालीय, कान शाबूत आहेत. दर रविवारी दादाचा फोन येतो. तो आजोबा झालाय, गुडघे दुखतात, त्याच्या तक्रारी तो तिला सांगतो आणि ती स्वतःच्या गोळ्यांची नावं चुकीची सांगून त्याला घाबरवते. अर्धा-अर्धा तास चालतं. मी स्वयंपाकघरात असते. बाहेरून मावशीचं हसू ऐकू येतं आणि मी गॅस बारीक करते, म्हणजे नीट ऐकता येतं.