गाडीच्या मापाचं कव्हर

१८ मे, रविवार. पाहुणे चार वाजता येणार होते आणि माझ्या मशीनवर अजून गाडीचं कव्हर पडलेलं होतं. खालचा नेफा घालून त्यात नाडी ओवायची तेवढी राहिली होती. पोहे भिजवायला वेळ होता, म्हणून आधी ते संपवायला बसले.

गाडी मुलीची. जिंतूरहून परभणीला ती रोज जाऊन येते. तिथल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये ती नोकरीला आहे. ड्यूटी संपल्यावर मिळेल ती एसटी पकडायची, नाही मिळाली तर काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घ्यायचं, असं वर्षभर केल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. आम्हाला वाटलं, स्कुटी आणेल. तिनं आणली ती पुढून टोकदार, हँडल खाली वाकलेलं, मागची सीट माळ्यावर चढल्यासारखी उंच. दुकानदार म्हणाला, या जातीतली ही सगळ्यात लहान, सुरुवात करणाऱ्यांसाठीची. मला ती घोड्याएवढी दिसली. पण मुलगी टाच टेकवून नीट उभी राहत होती आणि वळवतही होती.

गाडी चालवणं सोपं, उभी असताना सांभाळणं अवघड, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. आमच्या अंगणात अर्ध्यावर पत्रा आहे. दुपारनंतर ऊन तिरपं येतं आणि थेट टाकीवर पडतं. डोंगराकडून वानरं पाण्याला येतात, त्यांना ती उंच सीट आपल्यासाठीच केली आहे असं वाटतं. एकदा एक वानर आरशात बघत बसलं आणि जाताना आरसा फिरवून गेलं. शेजारीण तर तापलेल्या सीटवर कुरडयांचं ताट ठेवून गेली होती. विचारलं तर म्हणाली, "पत्र्यापेक्षा लौकर वाळतंय बघा इथं."

दुकानातून आणलेलं चंदेरी प्लास्टिकचं कव्हर एका उन्हाळ्यात फाटलं. शिवाय त्याच्या आत घाम धरायचा. सकाळी काढलं की टाकी ओली, आणि नटांवर तांबूस गंज. कापड हवा घेतं, प्लास्टिक घेत नाही. म्हणून शाळेच्या गणवेशातून उरलेलं जाड खाकी कापड काढलं आणि टेप घेऊन अंगणात गेले. टाकीचा घेर घेतला, सीटचे दोन टप्पे वेगळे मोजले, आरशांना बाह्यांसारख्या दोन पिशव्या काढल्या. सायलेन्सरच्या बाजूला जुन्या जीन्सचा दुहेरी तुकडा लावला, म्हणजे गाडी गरम असताना कापड जळायला नको. माप अंगावरून घेतलं की कपडा बसतो, मग ते अंग माणसाचं असो की लोखंडाचं.

नणंदबाई दुपारीच आल्या होत्या. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा सोनपेठच्या बाजूचा, एका पतसंस्थेत नोकरीला. आल्या आल्या त्यांची नजर गाडीवर गेली.

"ही अजून इथंच? शेजारी नेऊन लावा म्हणलं होतं की मी."

"का?"

"का म्हंजे? मी त्यांना सांगितलंय, पोरगी यष्टीनं जाते म्हणून. असल्या गाडीवर पोरगी फिरते म्हणलं तर कोण येईल बघायला?"

"वन्स, ती चोरीची नाही."

"चोरीची न्हाई, पण झाकायला काय जातंय?"

झाकायचं तर होतंच. नाडी ओवली आणि कव्हर घालून आले. शिवलेली वस्तू पहिल्यांदा अंगावर बसते तेव्हा मी लांब उभी राहून बघते. कुठं चुणी नाही, कुठं झोळ नाही. टाकीचा फुगवटा, पुढचं टोक, मागची चढलेली सीट, दोन्ही कान, सगळं जिथल्या तिथं.

नणंदबाई ओट्यावर येऊन बघतच राहिल्या. "बाई! हे झाकलं का उघडं केलं? वर कापड हाय खरं, पण दिसायलंय समदं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. झाकायचंच असतं तर गोधडी टाकायला हवी होती. पण तेवढ्यात फाटकाशी चप्पल वाजली.

मुलगा आणि त्याचा मामा, दोघंच आले होते. मुलगा दिसायला बरा, बोलायला कमी. मामा दोघांचं बोलत होता. ओट्यावर चढता चढता तो थांबला.

"ताई, कव्हर लय भारी. कुठनं आणलं?"

"मी शिवलं. शिलाईचंच काम करते मी."

मुलगा तोवर गाडीजवळ वाकला होता. वरूनच टाकीवर हात फिरवून त्यानं गाडीची कंपनी आणि मॉडेल दोन्ही अचूक सांगितलं. मामानं भिंतीला टेकवलेली आमच्या मालकांची सायकल बघितली. हे आडतीवर मुनीम आहेत, सायकलीवरच जातात. मग मामानं कव्हर बघितलं, मग भाच्याकडं बघितलं, आणि यांच्याकडं वळून म्हणाला, "तयारी लय आधीपासून केलीय म्हणायची तुमी."

मला वाटलं, तो पोह्यांच्या वासावरून बोलतोय. हे म्हणाले, "करावीच लागते."

"मामा, एक राऊंड मारून येऊ का?" मुलानं विचारलं. विचारलं मामाला.

आमच्याकडं पाहुण्यानं गाडी मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. पेट्रोल नाही, असं सांगतात फार तर. मी स्वयंपाकघरात बघितलं. मुलगी पदराला पिन लावत होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे मम्मी, चालवू दे. हेल्मेट दे म्हणावं तेवढं." तोवर यांनी दारामागच्या खिळ्यावरची चावी काढून दिलीही होती. हेल्मेट त्यानं घेतलं नाही. कव्हर ओढून काढलं, गोळा करून ओट्यावर टाकलं आणि निघाला. तो एसटी स्टँडपर्यंत जाईस्तोवर आवाज येत होता.

मामा पोहे खात म्हणाला, "विहीणबाई, पोह्यात शेंगदाणे झकास तळलेत."

विहीणबाई हा शब्द ऐकून मी दचकले. आल्यावर ताई होते. गाडी चालू झाली आणि विहीणबाई झाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात मुलगा नाही. मुलगी एसटीनं जाते असं नणंदबाईंनी सांगितलेलं. आमच्या मालकांची सायकल. मग अंगणात नवं कोरं कव्हर घालून ठेवलेली गाडी कुणासाठी? बघायला आलेल्या मुलासाठीच. आमच्याकडं असं करतातही. माझ्या मैत्रिणीच्या जावयाची गाडी लग्न ठरायच्या आधीपासून हळदीकुंकू लावून उभी होती.

मुलगा परत आला. गाडी स्टँडवर लावली, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग हात-तोंड धुऊन बसला.

मुलगी चहा घेऊन आली. मामानं शिक्षण विचारलं, नोकरीचं विचारलं. मग मुलगा पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"गाडी मस्त हाय. पिकअप भारी. पण चेन जरा ढिली वाटली."

"न्हाई हो, चेन बरोबर हाय," मुलगी म्हणाली. "तुमी खालच्या गेअरवर लय ओढली आसंल. आवाज इथवर यायलता."

मुलगा हसला. तीही हसली. परभणीच्या वाटेवर बोरी गावाच्या पुढं रस्ता कुठं उखडलाय त्यावर दोघं दोन वाक्यं बोललेही. "तुमाला कसं माहीत?" असं त्यानं विचारलं तेव्हा नणंदबाईंना जोराचा ठसका लागला. "अगं, पाणी आण पाणी," म्हणून त्यांनी तिला आत पाठवलं. मुलगा मला वाईट वाटला नाही, हे मी इथं सांगून ठेवते.

पण माझं लक्ष त्याच्या खिशाकडं होतं. चावीच्या कडीचं लाल टोक बाहेर दिसत होतं. तो विसरला आहे, की विसरलेला नाही, ते कळत नव्हतं. मामा उठला. सुपारी खाऊन झाली, नमस्कार झाले. मुलगा चपला घालायला लागला. यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. नणंदबाईंनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. पाहुण्याच्या खिशातून वस्तू मागायची म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच, हे मलाही कळत होतं. पण सकाळी मुलीला ड्यूटीवर जायचं होतं. आणि आज ती चावी फाटकाबाहेर गेली असती तर परत मागायला आम्हाला सोनपेठला जावं लागलं असतं, तेही हात जोडून.

मी पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभी राहिले. "चावी राहिली तुमच्याकडं."

मुलाचा हात खिशाकडं गेला. मामा मोठ्यानं हसला. "राहू द्या की, विहीणबाई! आज ना उद्या त्याचीच हाय."

"उद्या सकाळी लागते," मी म्हणाले. "गाडी मुलीची आहे. तिनं घेतलीय. ती रोज हिच्यावरच परभणीला जाते."

"यष्टीनं जाते ना ती?"

"वर्षभर गेली. आता जात नाही."

मामानं नणंदबाईंकडं बघितलं. त्या चपलेचा अंगठा नीट करत होत्या. मी हात पुढं धरून उभीच होते. मुलाचे कान लाल झाले. त्यानं चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सॉरी काकू." त्यानंतर त्यानं दाराकडं बघितलं. मुलगी दारात उभी होती.

पाहुणे गेले. मी आधी ओट्यावरचं कव्हर झटकलं. त्यावर चहाचा एक थेंब पडला होता, तो लगेच धुतला.

नणंदबाईंचा मुक्काम होता. अंधार पडायच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. मामा होता. त्यांनी आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला.

"पोरगी पसंत हाय आमाला. नोकरी करू द्या खुशाल. मागणं काई न्हाई आमचं. फकस्त ती गाडी लग्नाआधी पोराच्या नावावर करून द्या."

"आणि मुलगी ड्यूटीला कशी जाणार?" मी विचारलं.

"जाईल की यष्टीनं. न्हाईतर हा सोडंल तिला, त्याला येळ आसला म्हंजे."

"थांबा, जिची गाडी तिला विचारते."

मुलगी मेथी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हातातल्या काडीची पानं खुडली. मग हळू आवाजात म्हणाली, "गाडीच बघायची होती तर शोरूम परभणीत हाय म्हणावं. इतक्या लांब कशाला आला?" आणि मग, "न्हाई म्हण मम्मी. मी पुन्हा स्टँडवर उभी राहणार न्हाई."

मी फोनजवळ गेले. "गाडी तिच्या नावावर आहे आणि तिच्याच नावावर राहील. ती रोज तिच्यावरच जाईल, लग्नानंतरसुद्धा. हे चालत असेल तर पुढची बोलणी करू. चालत नसेल तर तसं कळवा, आम्हाला राग नाही."

"इचार करून सांगतो, ताई," मामा म्हणाला.

परत ताई. मी फोन बंद केला.

"एका गाडीपायी पोरीचं स्थळ घालवायलीस तू," नणंदबाई म्हणाल्या.

"गेलंय कुठं? विचार करतो म्हणाला ना तो."

"असा इचार कोण करतंय? तूच सांग."

"वन्स, गाडी तुमच्या बोलण्यात नव्हतीच. तुम्ही एसटी सांगितली होती."

त्या उठून ताटं घ्यायला लागल्या. हे म्हणाले, "चेन खरंच ढिली होती का?"

"नव्हती," मी म्हणाले. "काल मीच तेल घातलंय."

जेवणं झाली. मामाचा फोन आला नाही. मुलीनं अंगणात जाऊन गाडीला कव्हर घातलं, नाडी ओढून गाठ मारली आणि चावी खिळ्याला न लावता पर्समध्ये टाकली. मीही तिला खिळ्याला लाव म्हणून सांगितलं नाही.

सकाळी ती डबा घेऊन निघाली. कव्हर घडी करून माझ्याकडं देत म्हणाली, "मम्मी, डावा आरसा जरा घट्ट होतोय, बघ." गाडी गल्लीच्या वळणावरून गेल्यावर मी मशीनवर बसले. आरशाची पिशवी अर्धं बोट सैल केली. मग कव्हर उलगडून टाकीचा भाग वर घेतला, जिथं बघणाऱ्याची पहिली नजर जाते. त्यावर खडूनं मोठी अक्षरं काढली आणि दुहेरी लाल दोऱ्यानं मुलीचं नाव शिवायला घेतलं.

नणंदबाई चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसल्या. शिवून होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आडनाव न्हाई घातलंस?"

"ते बदललं तर उसवावं लागेल," मी म्हणाले आणि दोरा तोडला.