विमानाला घातलेला हार

जिवंत माणूस गेल्याची बातमी गावभर व्हायला किती झेंडू लागतात, सांगाल? आमच्याकडे एक हार पुरला.

ऐंशीनंतर आमच्या आळीतून आखातात गेलेले पहिले फिटर म्हणजे माझे बाबा. ते होते तेव्हा पडवीत माणूस मावत नसे. ते गेले आणि आईचे चहाचे कप फळीवर उपडे पडले. तिथल्या जुन्या बाजारातून बाबा विमान कंपन्यांची पोस्टकार्डं पाठवत. जेट नुकती उडू लागली त्या काळातली. चकचकीत विमान, जिन्यावर हसणारी हवाई सुंदरी, सुटाबुटातले प्रवासी. मागे बाबांच्या दोन ओळी. आईनं हळदीच्या बोटांनी ती इतकी हाताळली, की विमानं पिवळी पडली.

मी कामगार चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. (आई म्हणते, दुधावर वाढतास तर अंगी तरी लागलं असतं!) या चित्रांत कामगार कुठेच नाही? अन्याय! मी एका विमानावर बाबांचा पासपोर्टचा फोटो डकवला आणि कार्ड चौकटीत घालून पडवीत टांगलं.

दसऱ्याला आळीत सायकलींना, होड्यांना हार चढले. आई म्हणाली, "ह्यांना परत आणणारं वाहन एवढंच आहे आपल्याकडे. घालतोस हार?"

पूजा माझ्या तत्त्वात बसत नव्हती. 'कष्टकऱ्याच्या वाहनाचा गौरव' म्हणून बसवली! आई खाली समई लावून देवळात गेली. मी तिथेच पत्रक लिहायला बसलो.

शेजारची सुलूकाकी सोनं द्यायला आली. समोर बाबांचा फोटो, हार, समई आणि मान खाली घातलेला मुलगा.

"अरे मेल्या, हे काय झालं?"

पत्रकातलं माझं वाक्य अर्धवट होतं. मी नुसता हात वर करून तिला थांबवलं.

काकीचा हंबरडा बंदरापर्यंत गेला असावा! आळी धावली. कुणी चूल विझवली, कुणी पालीच्या आत्याला आणायला मोटारसायकल (हारासकट!) पिटाळली. मी ओरडतोय, "बाबा जिवंत आहेत!"

काकी म्हणाली, "पोराच्या डोक्यावर परिणाम झाला गो!"

तेवढ्यात आई आली. भरलेली पडवी पाहून तिचा चेहरा उजळला. "अगो, आज सगळ्या एकदम? बसा, चहा टाकते!"

कुणीतरी चाचरत कारण सांगितलं. आईनं हसत परवाच आलेलं कार्ड दाखवलं. झालं! हातावर सोनं टेकवून सगळे पसार. आत्या तर अर्ध्या वाटेवरूनच परतली, जिवंत भावावर चिडून!

पडवीत चहाचं आधण उकळल्याचा आवाज येत होता. मी हार काढायला गेलो.

"राहू दे थोडा वेळ," आई रस्त्याकडे बघत म्हणाली. "कुणी चुकून आलं तर..."

तेव्हा विनंती आहे: ज्या घरचा माणूस विमानानं लांब गेलाय, तिथे हाराची वाट न बघता चहाला जा. सुरुवात आमच्याकडूनच करा. आई एकटीच भेटेल. मी 'माणसांनी माणसांकडे जावं' हे पत्रक वाटत गावभर फिरतोय!