आक्कांचा संधिवात आणि माझी फोडणी

सोमवारी सकाळी आक्कांच्या हातातून आमटीचं पातेलं सुटलं. पातेलं फार मोठं नव्हतं. रोज त्या एका हातानं त्याच्या दुप्पट उचलायच्या. आमटी फरशीभर झाली आणि आक्का दोन्ही हात पदरात धरून भिंतीला टेकून बसल्या. बोटं सुजून हळकुंडासारखी झाली होती.

आवाज ऐकून दाजी बाहेरून आले. त्यांनी आमटीकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं.

"काल काय केलतंस हिला खायाला?"

"काल रविवार होता जी. आक्कांना उपास. वरीचा भात आणि दाण्याची आमटी."

"शेंगदाणं? आरं, वातूळ हाय की ते. किती येळा सांगायचं तुला?"

मी फडकं घेऊन फरशी पुसायला लागलो.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आक्का आणि दाजी यांची खानावळ होती आणि मी तिथं आचारी होतो. आक्का म्हणजे मालकीण. दाजी त्यांचे यजमान, बाजारहाट आणि वसुली बघणारे. सगळे मेंबर त्यांना आक्का-दाजी म्हणत, म्हणून मीही. मेंबर म्हणजे महिन्याचे पैसे भरून दोन्ही वेळ जेवणारं गिऱ्हाईक. व्यापारी पेढ्यांवरचे कारकून, ट्रकवाले, कॉलेजची पोरं.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. सहावीत शाळा सुटली. कामाच्या शोधात कुठंकुठं भटकत कोल्हापूरला आलो तो अंगात ताप घेऊनच. आक्कांनी मला खानावळीच्या माळ्यावर झोपवलं, पेज पाजली आणि बरा झाल्यावर विचारलं, "कांदा चिरता येतोय काय?" तेवढीच माझी मुलाखत. पुढं सगळं त्यांनीच शिकवलं. कट कसा काढायचा, म्हणजे रश्श्यावर लाल तेल तरंगलं पाहिजे पण घशाला लागता कामा नये. अळणी कशी करायची, म्हणजे तिखट न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी, त्यावर पांढरा रस्सा उभा राहतो. माझं 'हो जी, नाही जी' ऐकून मेंबर चेष्टा करायचे. मलाही आक्का "मी येतो, मी जातो" म्हणाल्या की हसू यायचं. इकडं बायका तसंच बोलतात हे कळायला वेळ लागला.

सांगायचं म्हणजे, त्या गावात मला त्या घराशिवाय कोणी नव्हतं.

आक्कांचं दुखणं पावसाळ्याच्या आधी सुरू झालं. सकाळी उठल्यावर बोटं वळायची नाहीत. तास-दोन तासांनी सैल व्हायची. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हा संधिवात आहे, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. यात शरीराची राखणदारी करणारी फौजच चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. मग सूज, ठणका, ताप. मधेच बरं वाटतं, मधेच उसळतं. गोळ्या दिल्या ऍस्पिरिनच्या, दिवसातून तीन वेळा. बजावून सांगितलं की या गोळ्या पोटाला जाळतात, तेव्हा जेवल्यावरच घ्यायच्या. उपाशीपोटी अजिबात नाही.

दाजींनी त्यातला एकच शब्द पकडला. संधिवातातला वात. वात आहे म्हणजे वातूळ बंद. हरभऱ्याची डाळ गेली, पावटा गेला, वाटाणा गेला, बटाटा गेला. मग शेजारची बाई म्हणाली आंबट वाईट. चिंच, टोमॅटो, दही, ताक गेलं. भांड्यांना कल्हई करायला हसनचाचा यायचे. पितळेच्या भांड्याला आतून कथिलाचा हात देतात ती कल्हई. ती उडाली की आंबट पदार्थ कळकतो. त्यांनी आमची भांडी बघितली, म्हणाले, "भांडी चोख हायती तुमची, कल्हईला दोष न्हाई. वांगं बंद करा. आमच्या अम्मीचं वांगं बंद केलं, आन उठून बसली की."

दाजींनी विचारलं, "मग आता बऱ्या हायत?"

"आता? आता दुसरा गुडघा धरलाय."

तरी वांगं बंद झालं. शेवटी मटणही गेलं, ते उष्ण म्हणून. आता माझ्या चुलीवर दोन स्वयंपाक व्हायला लागले. एक मेंबरांचा आणि एक आक्कांचा. आक्कांच्या ताटात भाकरी, दुधी, मुगाचं पाणी. ज्या बाईनं मला मसाला भाजायला शिकवलं, तिला मी जिऱ्याची फोडणीसुद्धा भीत भीत घालत होतो. त्या वाळत चालल्या. आणि दुखणं जिथल्या तिथं. कधी दोन दिवस बरं वाटायचं, की लगेच बोटं पुन्हा धरायची. धरली की दाजी स्वयंपाकघरात यायचे आणि आदल्या दिवशीचं ताट मला तोंडी म्हणून दाखवायला लावायचे. त्यातलं काहीतरी एक गुन्हेगार ठरायचं आणि बंद व्हायचं.

मी रोज ताट वाढताना विचार करायचो, मीच आपल्या हातानं हिला वीख तर घालत नाही ना.

पातेलं पडलं त्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर दाजींनी मला बाकावर बसवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे बघ, तू माणूस वाईट न्हाईस. पन तुझा हात हिला सोसंना झालाय. दसऱ्यापतोर बगतो. न्हाईतर इचलकरंजीला माझा मावसभाऊ हाय, आचारी. त्येला आणतो. मग हिला काय हुतंय ते बगू."

"मी कुठं जाऊ जी?"

"ते बगू म्हनलं की."

आतून आक्का म्हणाल्या, "त्याला कशाला घालवता? माझं हाड दुखतंय, त्यात त्यानं काय केलंय?"

"तू गप बस. तुझ्या हाडासाठनंच चाललंय."

नवरात्र बसलं. आक्कांचे नऊही दिवस उपास. मी म्हटलं, आता तरी बरं वाटेल, उपासाच्या पदार्थांत असं असतं काय? पण तिसऱ्या माळेला मनगटं सुजली. पाचव्या माळेला त्यांना स्वतःची वेणी घालता येईना. गुडघे धरले, ताप आला. शाबू मी भिजवला होता, रताळी मी उकडली होती. दाजी आता काही विचारतही नव्हते. नुसतं बघायचे. दसरा चार-पाच दिवसांवर होता.

सहाव्या माळेला दाजींनी रिक्षा आणली. मलाही म्हणाले, "चल. काय काय घातलास ते डॉक्टरला तूच सांग."

डॉक्टरांनी आक्कांचे हात बघितले, बोटं हलकेच दाबली, तोंड गंभीर केलं. दाजींनी सगळी यादी ऐकवली. काय काय बंद केलं, तरी फरक नाही. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्यो आचारी. इचारा त्याला."

डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं. माझा आवाज इतका बारीक निघत होता की त्यांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

ते म्हणाले, "खाण्याचं आपण नंतर बघू. आधी गोळ्या वाढवून देतो. मागच्या संपल्या असतील."

"न्हाई, हायती की अजून," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हायती? अजून शिल्लक कशा? तुम्ही घेत नाही?"

"घेतो की. तुमी सांगितलासा तसंच घेतो. जेवल्यावर."

"रोज?"

"जेवतो त्या दिवशी रोज."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "आक्का, तुम्ही जेवत नाही असे दिवस कुठले?"

"उपासाचं. रविवार जोतिबाचा. मंगळवार, शुक्रवार अंबाबाईचा. चतुर्थी, एकादशी. आन आता तर नवरात्रच हाय."

"म्हणजे गेले पाच-सहा दिवस एकही गोळी नाही?"

"कशी घेऊ? जेवलो न्हाई की मी. उपाशीपोटी अजिबात न्हाई म्हनलासा."

"पण तुम्ही शाबू खाता, वरी खाता, रताळं खाता. ते पोटात जातंच की."

"जातंय की. पन ते फराळ. ते जेवान न्हवं."

मला एकदम सगळं दिसलं. दाजींनाही दिसलं असावं, कारण ते डोक्यावरची टोपी काढून त्या टोपीकडंच बघत बसले. इकडं जेवण म्हणजे भाकरी-भात. बाकी पोटभर खाल्लं तरी ते जेवण नाही. आक्का रात्रीही उपास सोडायच्या नाहीत, कारण तेव्हा मेंबरांची गर्दी. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून, भाकरी खाऊन सोडायच्या. म्हणजे शनिवारी रात्रीची गोळी झाली की पुढची सोमवारी. सोमवारी सकाळी बोटं धरणार नाहीत तर काय होईल? आणि दोष कुणावर, तर शेंगदाण्यावर.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझ्या बोलण्याची आहे. मी जेवल्यावर म्हणायला नको होतं. पोटात काहीतरी गेल्यावर, असं म्हणायला हवं होतं."

दाजींनी घसा खाकरला. "मग खान्याचा काय संबंध न्हाई म्हनायचं?"

"तसंही मी छातीठोक सांगणार नाही. काही पेशंटना एखादा पदार्थ खरंच सोसत नाही. पण तो एखादा असतो, दाजी. तुम्ही आख्खं स्वयंपाकघर बंद केलंत. अशानं कशानं दुखतंय ते कळणार कसं? वर बाई अशक्त झाली." मग माझ्याकडं वळले. "आधी गोळ्या रोज सुरू होऊ देत. सूज उतरली की बंद केलेलं एकेक परत सुरू कर. एक पदार्थ, आठवडाभर. त्रास झाला तर तेवढाच थांबव आणि मला सांग. दोन एकदम नाहीत."

हे मला लगेच पटलं. रस्सा बिघडला तर आम्हीही तेच करतो. सगळे मसाले एकदम बदलले तर खोट कशात होती ते कधीच सापडत नाही.

मला वाटलं, सुटलो. पण आक्का उठायला तयार नव्हत्या.

"उपासाला गोळी चालती काय?"

"औषधानं उपास मोडत नाही, आक्का."

"ते तुमचं खातं न्हवं. तुमी हाडाचं सांगा. उपासाचं देवाघरचा माणूस सांगंल."

डॉक्टरांनी दाजींकडं बघितलं. दाजी म्हणाले, "मी इचारून येतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं दाजी जोतिबाला निघाले. मलाही बरोबर घेतलं, का ते सांगितलं नाही. डोंगरावर गर्दी होती. दाजींच्या ओळखीचे एक गुरव होते. दर्शन झाल्यावर दाजींनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. जेवण, फराळ, गोळी, सगळं. गुरवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दाजी, गोळी चवीला कशी हाय?"

"कडू असंल. औषध हाय ते."

"मग कडू खाऊन उपास मोडत आसंल तर माझा कवाच मोडलाय, काढा घेतोय मी रोज. आक्कास्नी म्हनावं, घ्या. जोतिबाच्या नावानं घ्या."

परत येताना एस.टी.त दाजी खिडकीशी बसले होते. बराच वेळ बाहेर बघत होते. मग तोंड तिकडंच ठेवून म्हणाले, "इचलकरंजीवाल्याचं ऱ्हाऊ दे आता."

"हो जी."

"त्येला आजून इचारलं बी न्हवतं म्या."

त्या वाक्यानं माझ्या छातीवरचं सगळं ओझं उतरलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले. दाजींनी बघितलं असेल, पण तसं दाखवलं नाही. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला भजी खायला घातली. स्वतः खाल्ली नाहीत, त्यांनाही उपास होता.

आक्कांनी त्याच दिवशी शाबू खाऊन गोळी घेतली. घेताना डोंगराच्या दिशेनं हात जोडले. दसऱ्याला ताप उतरला. दिवाळीच्या आधी बोटांची सूज बरीच कमी झाली आणि मी एकेक पदार्थ परत आणायला सुरुवात केली. आधी डाळ. मग टोमॅटो. मग बटाटा. प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी माझी झोप उडायची आणि सकाळी आक्का बोटं वळवून दाखवायच्या. वांग्याच्या आठवड्यात हसनचाचा मुद्दाम चौकशी करून गेले. काही झालं नाही म्हटल्यावर जरा नाराजच दिसले. मटण सगळ्यात शेवटी आलं. दाजींनी स्वतः आणून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "पांढरा जरा दाट कर. तिला तसा आवडतोय."

ताक मात्र आक्कांनी कायमचं सोडलं. आंबट ताक घेतलं की दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकतो असं त्यांचं म्हणणं. दोनदा घेऊन बघितलं, दोन्हीदा ठणकला म्हणाल्या. खरं असेल, नसेलही. डॉक्टर म्हणाले, सोडू दे, ताकावाचून कुणी मेलेलं नाही.

रोग काही गेला नाही. तो जाणारा नव्हेच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थंडीत उसळायचा, कधी कारण नसताना उसळायचा. पण आक्का पुन्हा भाकऱ्या थापायला लागल्या. पूर्वीपेक्षा जरा लहान, जरा जाड. मेंबरांपैकी कुणी तक्रार केली नाही. केली असती तर दाजींनी त्याला उठवला असता.

पुढं मी त्या खानावळीत बरीच वर्षं काढली आणि नंतर माझी स्वतःची काढली. पथ्याचं जेवण मागणारी माणसं सारखी येतात. कुणी काय सोडलंय ते भरभरून सांगतो. मी ऐकून घेतो, ताट वाढतो आणि एवढंच विचारतो, गोळ्या चालू आहेत ना? त्यावर "व्हय, जेवल्यावर घेतो" असं उत्तर आलं, तर मी आणखी एक विचारतो. पावणं, जेवण म्हणजे तुमच्यात काय?