मामांचा शेवटचा काप

ब्लेड हातात घेतलं की मामा म्हणायचे, "आता कोणी बोला नकात." आणि स्वतः श्वास रोखून धरायचे. डाव्या चिमटीत सूर्यफुलाच्या खोडाचा तुकडा, उजव्या हातात दाढीचं साधं ब्लेड. वाटीतल्या पाण्यात असे पातळ काप पडत की आरपार दिसावं.

मुलुंडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मामा आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. अशा माणसाला सगळं कॉलेज मामाच म्हणतं. तुमच्याही कॉलेजात एक असतीलच.

नवीन असताना मी फळाभर बाण काढून लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखर करणारं द्रव्य, शिकवत होते. एका अमिनो आम्लापासून निघायचं आणि फेनॉलांच्या अख्ख्या गोतावळ्यातून फिरून यायचं. मुलं पेंगत होती. मागून मामा म्हणाले, "मॅडम, बाण पुरे. पोरांका झाड बघूक द्या." त्यांनी कापावर रसायनाचे थेंब टाकले. जिथे लिग्निन, तिथे लालभडक! "केळफूल चिरल्यावर हात काळे होतत ना," ते मुलांना म्हणाले, "त्याच घराण्यातला ह्या." हे त्यांना मीच सांगितलं होतं, पण मुलांच्या लक्षात राहिलं ते मामांच्या तोंडून.

एकदा त्यांनी विचारलं, "ही लाल पेशी जिवंत आसा?"

"नाही मामा. भिंतीत लिग्निन भरते आणि मरते. आतून पोकळ होते, म्हणून तर तिच्यातून पाणी वर चढतं."

ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. "मगे तिका कोण सांगता, आता पुरे म्हणान?"

मी हजेरी घ्यायला लागले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मामांचा हात थरथरू लागला. काप जाड येऊ लागले. शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा आपल्याच कापांवर व्हावी, एवढी एकच इच्छा त्यांनी मला बोलून दाखवली होती. मी मात्र घाबरून गुपचूप तयार स्लाइड मागवल्या. पार्सलं उघडायचं काम मामांचंच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी खोका सोडला, एक काच उजेडात धरली.

"बरे आसत. सगळे एकसारखे," म्हणाले आणि आपलं ब्लेड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवृत्तीच्या दिवशी मीच हट्ट धरला, "मामा, माझ्यासाठी एक." कितीतरी काप वाया गेले. एक जमला, लाल झाला. "झकास," ते म्हणाले. मी काचेच्या कडांना नेलपॉलिश लावून तो जपून ठेवला. सकाळी बघते तर रंग उडालेला. हा रंग टिकत नाही, हे दरवर्षी मीच तर शिकवते! पण त्या दिवशी सुचलंच नाही.

पुढे फोनवर ते दर वेळी विचारत, "आमचो काप आसा ना?"

"आहे की मामा, लालबुंद आहे."

"बरां."

गणपतीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा गेले होते.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, त्यामुळे प्रॅक्टिकल झाल्यावर काचा मीच धुते. परवा संध्याकाळी बेसिनपाशी उभी होते. सकाळचे लाल काप पांढरे पडले होते. इतकी वर्षं रोज संध्याकाळी या काचा मामाच धूत होते. रंग उडतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी माझं 'लालबुंद' ते दर वेळी ऐकून घेत होते.