वाचून वाजवणारा शिवराम

शिवरामभाऊ कागदाशिवाय क्लॅरिनेट वाजवत नसे. एका जागी उभं राहून वाजवायचं असलं तर तो आधी बांबूची कामटी जमिनीत रोवायचा, तिच्या फटीत कागद अडकवायचा, दोन पावलं मागं सरायचा आणि मगच वाद्य ओठाला लावायचा. वरात चालती असली तर त्याचा मेहुणा कागद छातीशी धरून त्याच्यापुढं उलट्या पावलांनी चालायचा. वारा सुटून कागद उडाला की सूर तिथंच तुटायचा. नवरदेव बैलांच्या खाचरात अडकलेला, डफडेवाले हात वर धरून उभे, आणि मास्तर धानाच्या बांधीतून कागदामागं धावतो आहे, हे त्या गावानं अनेकदा पाहिलं होतं. लग्नघरची माणसं आदल्या दिवशीच त्याला विचारायची, "काहो मास्तर, उद्या वारा सुटन म्हणते. लगन परवा ठेवाचं का?"

तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. "कागद दाबून धराले एक माणूस आणखी द्या, बस," म्हणायचा.

मूल या गावाच्या पुढं, जंगलाच्या कडेला, एका मोठ्या तलावाच्या उंच मातीच्या पाळीखाली हे गाव आहे. त्या मुलखात वाजवणाऱ्याला कागद लागणं ही लाजेची गोष्ट. दंडारीच्या खेळात पेटी वाजवणारा माणूस जत्रेत एखादं गाणं ऐकतो आणि घरी पोचेपर्यंत ते त्याच्या बोटांत उतरलेलं असतं. ज्यांना सही येत नाही ती माणसं अख्खी नाटकं वाजवून काढतात. त्यांच्यात शिवरामभाऊ एकटा शिकलेला, कामठीच्या पलटणीच्या बँडात राहून आलेला, आणि कागद उडाला की मुका.

मी तिथं गेलो तो तलावासाठी. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात जाळं टाकणाऱ्या ढिवरांना एक दिवस कळलं की आता लिलाव होणार, आणि मासा ठेकेदाराचा होणार. ही उघड लूट होती. ज्यानं तलावात कधी पाय भिजवला नाही त्याची मालकी, आणि ज्याच्या पायांना त्या चिखलाचा आकार आला आहे तो चोर. मी 'तलाव कोणाचा?' अशा मथळ्याचं पत्रक छापून आणलं. गावात ते घडाघडा वाचू शकणारा शिवरामभाऊ एकटाच निघाला. तो स्वतःही ढिवराचाच. पाळीवर माणसं जमवून त्यानं ते वाचून दाखवलं. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"पर्चेवाले भाऊ," वाचून झाल्यावर तो म्हणाला, "लिवलं जोरदार. पण यात थांबाचं कुठी, ते लिहाचं राह्यलं."

मी जरा रागानंच म्हणालो, की लढ्यात थांबायचं नसतं. त्यानं खिशातून आपला एक कागद काढला. पाच रेघा, त्यांवर काळे ठिपके, आणि एका ठिपक्यावर छोटी कमान, कमानीखाली टिंब. "आमच्यात याले डोळा म्हणत. डोळा आला का कागदावरून मान वर कराची आन् साह्यबाच्या हाताकडं पाहाचं. हात वर आहे तोवर सूर धरून ठेवाचा. किती वेळ, ते कागद सांगत नाई. ते हातच सांगते."

मला ती बँडची गंमत वाटली. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. लिलावाच्या आदल्या सकाळी सगळ्या गावानं मिळून मोठं जाळं तलावात टाकायचं, उघडपणे, वाजतगाजत, असं आमचं ठरलं होतं. जाळं ओढताना म्हणायचं त्यांचं एक जुनं गाणं आहे. ते क्लॅरिनेटवर वाजलं तर आवाज पलीकडच्या गावापर्यंत जाईल, असा माझा हिशेब.

"त्याचा कागद नाई," शिवरामभाऊ म्हणाला.

"अहो, तुम्ही जन्मापासून ऐकताय ते गाणं."

"ऐकलं हाये. कागद नाई."

तो विषय त्याच्या दृष्टीनं संपला. माझ्या दृष्टीनं नाही, कारण त्याच गाण्यासाठी त्याला दुसरंही कोणी अडवत असे. पाळीला लागून पार्वताबाईचं घर होतं. ती अंगणात मासळी वाळत घालायची. तिचा मुलगा दशरथ शिवरामभाऊबरोबरच पलटणीच्या बँडात गेला होता आणि लढाईत मेला. शिवरामभाऊ तिच्या दारावरून निघाला की ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "शिवराम, दसरथाचं वाजव नं."

दशरथाचं म्हणजे तेच जाळ्याचं गाणं. तो ते वाजवायचा.

"कागद नाई, बाई," असं म्हणून शिवरामभाऊ पाय उचलायचा. पुढं पुढं तर तो पाळीवरची सरळ वाट सोडून बांधीतून वळसा घालून जाऊ लागला. मला हा शिकलेल्या माणसाचा ताठा वाटला. एका दुपारी तो ओसरीत फाटलं जाळं सांधत बसला होता, तिथं जाऊन मी त्याला तोंडावर म्हणालो, "म्हातारीला दोन ओळी वाजवून दाखवायला तुमचं काय जातं? चुकलं तर चुकलं. की पलटणीतली इज्जत जाते?"

त्यानं आणखी दोन गाठी मारल्या. मग जाळ्याकडं पाहतच बोलू लागला.

"दसरथाले कागद वाचता येत नोहता. पण त्याले एक डाव ऐकलं का बस. मी पहिले वाजवाचो, तो कान लावून घ्याचा. मंग असा कागदात डोळे घालून वाजवाचा, पान बी बराबर पालटाचा. साह्यबाले मालूमच नाई पडलं. एक दिवस नवा कागद आला. साह्यब म्हणे, दसरथ, आज तू पहिले."

"मग?"

"त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी नुसतं नाकात गुणगुणलो असतो तरी त्याले पुरलं असतं. मी आपला कागदात पाहून राह्यलो. मान वर नाई केली." सुतळीचं टोक त्यानं दातानं तोडलं. "मंग त्यानं जाळ्याचं गाणं वाजवलं. अख्खं. साह्यब बी मधात बोलला नाई. शेवटी म्हणे, लय चांगलं वाजवलं, पण हे कागदावर नाई. त्याले बंदूकवाल्यायमंदी टाकलं. ते लोक ब्रह्मदेशात गेले. बँड कामठीतच राह्यला."

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मले वाचता येत होतं, म्हून मी वाचलो. गावात लोक म्हणते, शिवराम वाजवत नाई, वाचून राह्यला. बराबर म्हणते."

माझ्यासारख्याची सवय अशी, की अन्याय दिसला की दोषी शोधायचा. पत्रकाला एक दोषी लागतोच, नाहीतर मथळा बनत नाही. मी त्याला सांगितलं की दोष त्याचा नाही. परक्यांची लढाई, परक्यांचा साहेब, गरिबाची पोरं तोफेच्या तोंडी देणारं साम्राज्य. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"असन भाऊ. पण मान माही होती."

"मग आता कागद कशाला धरून बसता?"

"कागदावरून नजर काढली का तो दिसते. मले पाहत रायते."

मी उठून गेलो. आजही लिहिताना ती ओसरी आठवते आणि आपण त्या माणसापुढं भाषण केलं याची लाज वाटते.

दोन-तीन दिवसांनी तो आपणहून जाळेवाल्यांमध्ये येऊन बसला. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. म्हणाला, गाणं म्हणा. त्यांना तमाशाच मिळाला. एक म्हणे, "मास्तर, आमचं गाणं शाळेत घालून राह्यले का?" दुसरा म्हणे, "पास झालं तर नोकरी लावून द्या त्याले." पण ते गायले. तो रेघांवर ठिपके मांडत गेला, खोडत गेला, पुन्हा म्हणायला लावत गेला. एका जागी मात्र अडला. तिथं गाणारे एक सूर ताणून धरत, आणि दर वेळी त्याची लांबी निराळी होई.

"इथी किती थांबाचं?"

"पाळीवरचा हात खाली येतवरी," ते म्हणाले, जणू हे विचारण्यासारखं काही नव्हतं.

मोठं जाळं ओढताना त्याची दोन्ही टोकं सारखी आली का, हे पाण्यातल्या माणसांना दिसत नाही. पाळीवरून दिसतं. म्हणून एक जुनं माणूस पाळीवर उभं राहून हात वर धरतं. तोवर पाण्यातले सूर धरून थांबतात. हात खाली आला की सगळे मिळून ओढतात. त्या गावात तो हात पार्वताबाईचा होता. तिची नजर तेव्हाही घारीची होती.

शिवरामभाऊनं पेन्सिल उचलली आणि त्या ठिपक्यावर कमान काढून खाली टिंब दिलं. डोळा. मग कितीतरी वेळ तो त्या खुणेकडं बघत बसला.

ठरलेल्या सकाळी गाव पाण्यात उतरलं. ठेकेदाराची माणसं दूर वडाखाली उभी होती आणि मोजून मोजून शिव्या देत होती. डोंग्यांनी जाळं पसरलं. पाळीच्या उतारावर शिवरामभाऊनं कामटी रोवली, कागद लावला. कमरेइतक्या पाण्यातून कोणीतरी ओरडलं, "वारा नाई मास्तर, डरू नका." हसण्याची एक लाट गेली. त्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि गाणं ओळखून हसणारे गप्प झाले. सगळं बरोबर होतं. थोडं सरळ होतं, इस्तरी केल्यासारखं, पण बरोबर होतं.

मग ती जागा आली. मी त्याच्याकडं पाहत होतो. त्यानं सूर धरला आणि कागदावरून मान वर केली.

वर पाळीवर पार्वताबाई हात उंच धरून उभी होती. ती जाळ्याकडं पाहत नव्हती. त्याच्याकडं पाहत होती. जाळ्याची टोकं सारखी आली, पाण्यातल्या माणसांनी दोर घट्ट केले, ठेकेदाराची माणसंसुद्धा गप्प झाली. हात खाली येईना. शिवरामभाऊच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा काळा पडू लागला. त्यानं नजर हलवली नाही. सूर कापू लागला, बारीक झाला, आणि शेवटी फाटून एका चिरक्या आवाजात तुटला.

तेव्हा हात खाली आला. गावानं जाळं ओढलं.

रोहू उन्हात उड्या मारत होते, घोषणा चालल्या होत्या, त्या माझ्याच होत्या. मी घसा फोडून ओरडायला हवं होतं. मी त्या दोघांच्या जवळ जाऊन उभा राहिलो. पार्वताबाई पाळ उतरून खाली आली होती.

"दसरथाचा दम लांब होता," ती म्हणाली.

"हो, बाई." मग तो खाली बघत म्हणाला, "बाई, त्या दिवशी साह्यबापुढं त्यानं माह्याकडं पाह्यलं होतं. मी सूर सांगितला असता तर तो बँडात रायला असता. मी मान वर नाई केली."

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मंग आज काऊन केली?"

त्यानं कामटीतला कागद काढला. थोडं थांबून ती आपल्या टोपलीकडं गेली. कामटी तशीच जमिनीत राहिली. कागद त्यानं घडी करून खिशात घातला. त्यानंतर कुठल्याही लग्नात मी त्याला वाजवताना पाहिलं नाही. पाळीवरची सरळ वाट मात्र त्यानं पुन्हा धरली. पार्वताबाई त्याला हाक मारत नसे. तो दारासमोर क्षणभर थांबे, ती मान खाली घालून मासळी उलटत राही, मग तो पुढं जाई.

त्या साली लिलाव टळला. तलाव आमच्या लोकांच्या सोसायटीकडं यायला आणखी बराच झगडा करावा लागला. तोवर शिवरामभाऊ तापानं गेला होता. त्याला नेताना डफडेवाल्यांनी जाळ्याचंच गाणं वाजवलं. त्यांच्यातल्या सनईवाल्यानं ते क्लॅरिनेटवर त्या सकाळी पाण्यात उभं राहून ऐकलं होतं, एकदाच. सगळं हुबेहूब. ती जागा आली, त्यानं सूर ताणला, ताणला, आणि बरोबर तिथंच तो चिरक्या आवाजात फाडला. मी दचकलो. चुकला असेल असं वाटलं. दुसऱ्या फेरीला पुन्हा तसाच फाडला.

नंतर मी त्याला विचारलं.

"ते तसंच हाये," तो म्हणाला. "मास्तरनं कागदावर पाहून वाजवलं होतं. कागदावरचं गलत कसं असन?"

आता त्या तलावावर सगळे तसंच म्हणतात. पोरं तर हौसेनं म्हणतात, त्या जागी गळा फाडून. त्यांना वाटतं, गाणं पहिल्यापासून असंच आहे. मी पाळीवर असतो तेव्हा ती जागा येते, सगळ्यांच्या माना आता पार थकलेल्या पार्वताबाईच्या हाताकडं वर होतात, आणि मी खाली पाहतो.